गॅस नंतर, आधी हवा

एप्रिल उजाडला की माझा फोन सकाळी सातलाच वाजायला लागतो आणि पलीकडचं वाक्य ठरलेलं असतं. "दादा, एसी थंड नाही करून राह्यला. गॅस संपला असंन." म्हणजे निदान झालेलं असतं, डॉक्टरनं फक्त इंजेक्शन घेऊन यायचं.

मी अकोल्यात २३ वर्षं एसी-फ्रीजचं काम करतोय. अशा फोनवर मी एकच उलटा प्रश्न विचारतो. वारा कसा येतोय? जोरात येतोय पण गार नाही, की गार आहे पण येतच नाही? बहुतेकांनी ते पाहिलेलंच नसतं. तिथे हात धरून पाहिला तर अर्धं काम फोनवरच होतं.

एक गोष्ट आधी मनातून काढून टाका. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो वापरून संपत नाही, झिजत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच तो गॅस खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो आणि परत येतो, बाजार समितीतल्या हमालासारखा. हमाल कितीही दणकट असला तरी गोदामाच्या दारातच थप्पी लावून ठेवली तर तो पोतं टाकणार कुठे? ते दार म्हणजे हवा. आत ब्लोअरची, बाहेर पंख्याची. आणि गॅस खरंच कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, ती शोधायची. "दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो" असं सांगणारा मेकॅनिक एक तर शिकाऊ असतो, नाहीतर फार हुशार.

जठारपेठेतल्या एका काकूंची गोष्ट सांगतो. दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट, आर-३२ गॅस, वय तीन वर्षं. रात्री चालू केला की तासभर बरा, मग वारा मंदावायचा आणि पहाटे इनडोअरमधून पाणी टपकायचं. माझ्या आधी एक जण येऊन गेला होता. त्यानं गॅसचा दाब मोजायचं गेज लावलं, काटा ८५ पीएसआयवर आहे असं दाखवलं आणि गॅस कमी म्हणून भरायचे पैसे सांगितले. काकू निवृत्त शिक्षिका. त्या म्हणाल्या, आधी गळती कुठे आहे ते दाखवा. तो उद्या येतो म्हणून गेला तो गेलाच.

"आणि फिल्टर तर मी दर रविवारी स्वतः धुते हो," काकूंनी मला दारातच सांगितलं. खरंच धुत होत्या. फिल्टर काढून खिडकीच्या उजेडात धरला तर जाळीचं घर न् घर मोकळं. मग एमसीबी पाडला, खालची झडप हातानं वर केली आणि आत बॅटरी मारली. ब्लोअर म्हणजे आतला लांबलचक दंडगोल, त्याला बारीक पात्यांच्या रांगा असतात. प्रत्येक पात्याला चमच्यासारखा बाक असतो आणि हवा उचलून फेकतो तो हा बाकच. तो बाक काठोकाठ भरला होता. नखानं एका पात्यावरून ओढलं तर करड्या रंगाची, जराशी चिकट, नमद्यासारखी पट्टी सोलून हातात आली. वास घेतला तर उदबत्तीचा. बरोबर खालच्या कोपऱ्यात देवघर. उदबत्तीचा धूर आणि स्वयंपाकघरातल्या फोडणीची वाफ फिल्टरच्या जाळीला जुमानत नाही. ती आत जाऊन पात्यांवर बसते आणि मग येणारी धूळ तिला चिकटत राहते.

भरलेला चमचा म्हणजे पट्टीच. मोटर तेवढ्याच वेगानं फिरते, आवाजही फारसा बदलत नाही, पण हवा निम्मी होते. दीड टनाच्या मशीनला मिनिटाला साधारण ५५० ते ६०० घनफूट हवा कॉइलवरून, म्हणजे त्या तांब्याच्या नळ्यांच्या जाळीवरून, जावी लागते. ती गेली नाही तर आतल्या गॅसला उकळायला उष्णता मिळत नाही, त्याचा दाब पडतो, कॉइल शून्याखाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. बर्फानं उरलीसुरली हवाही अडते. पहाटेचं पाणी त्या बर्फाचं होतं.

आता त्या ८५ च्या काट्याकडे पाहा. काटा खोटं बोलत नव्हता, दाब कमीच होता. पण तो हवेमुळे कमी होता, गॅसमुळे नाही. मी ब्लोअर बाहेर काढला, बाथरूममध्ये बादलीत सोडला, मऊ ब्रशनं पातं न् पातं धुतलं, कॉइल धुतली, दोन तासांनी मशीन पूर्ण ताकदीवर चालवून तेच गेज लावलं. काटा १२८. गॅसचा एक थेंब न भरता. त्या दिवशी तिथे गॅस टाकला असता तर कॉम्प्रेसरकडे द्रव गॅस परत जायला लागला असता, आणि द्रव पिणारा कॉम्प्रेसर फार दिवस टिकत नाही.

म्हणून माझा नियम आहे. फिल्टर, ब्लोअर, दोन्ही कॉइल स्वच्छ झाल्याशिवाय आणि बर्फ पूर्ण वितळल्याशिवाय मी गेजची पेटी उघडत नाही.

थर्मामीटरची पंधरा मिनिटं

हे घरी कोणालाही जमेल. स्वयंपाकाचा किंवा फिश टँकचा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. रिमोटवर १६ अंश आणि पंखा सगळ्यात जोरात ठेवा. सध्याचे स्टार लेबलवाले एसी चालू करताच २४ वर येतात, आणि इन्व्हर्टर मशीन २४ वर निवांत चालत असेल तर मोजून काही कळणार नाही. त्याला पळवायचं. पंधरा मिनिटांनी एकदा वरच्या जाळीपाशी, जिथून हवा आत शिरते तिथे मोजा आणि एकदा खाली, जिथून वारा बाहेर पडतो तिथे.

फरक ८ ते १२ अंश आला तर मशीन आपलं काम करतंय. तरीही खोली गार होत नसेल तर दोष खोलीत आहे. वरच्या मजल्याचा तापलेला स्लॅब, पश्चिमेची काच, दाराखालची फट. फरक १५-१६ अंशांपर्यंत गेला आणि वारा मात्र मरगळलेला असेल तर हवा अडली आहे. कारण थोडीच हवा कॉइलवर रेंगाळत जाते, ती जास्त गार होते. आणि वारा चांगला सणसणीत येतोय पण फरक तीन-चार अंशांचाच, तर आउटडोअर किंवा गॅस. एवढं फोनवर सांगितलंत तर मी कुठली हत्यारं घेऊन निघायचं ते मला कळतं.

पावसाळ्यात हा फरक थोडा कमीच भरतो, कारण मशीनची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. तेव्हा घाबरू नका.

फिल्टरचं सोपं आहे. उन्हाळ्यात दर १५ दिवसांनी नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. शंका असेल तर फिल्टर काढून पाच मिनिटं एसी चालवा. वारा एकदम वाढला तर दोषी सापडला. नाही वाढला तर बॅटरी घेऊन ब्लोअर बघा, काकूंकडच्यासारखा. पण स्वतः आत पाण्याचा फवारा मारू नका. उजव्या बाजूला पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड, असतो आणि तो धुण्याच्या पैशांत येत नाही.

बर्फ कुठून सुरू झाला

बर्फ दिसला की लोक धास्तावतात, मला मात्र आनंद होतो, कारण बर्फ बोलतो. फक्त त्याचं म्हणणं सुरुवातीला ऐकायचं. रात्रभर चाललेल्या मशीनवर सगळीकडे बर्फच असतो, त्यातून काही कळत नाही. एसी बंद करून, नाहीतर नुसत्या पंख्यावर ठेवून तो पूर्ण वितळू द्या, दोन तास तरी लागतात. मग चालू करून आधी कुठे पांढरं होतं ते पाहा.

कॉइल सगळीकडून सारखी पांढरी होत गेली आणि बाहेरच्या जाड नळीवरही दव किंवा बर्फ आला, तर हवा कमी आहे. कॉइलचा एकच कोपरा, गॅस जिथून शिरतो तेवढाच, पांढरा झाला, आउटडोअरच्या बारीक नळीच्या नटावर बर्फ आणि जाड नळी कोरडी, हाताला कोमट, तर गॅस कमी आहे किंवा कॅपिलरी, म्हणजे गॅस आत सोडणारी केसासारखी बारीक नळी, चोक झाली आहे. थोडा गॅस आत शिरताच उकळून संपतो, पुढच्या कॉइलला काही उरत नाही. निरोगी मशीनची जाड नळी गार असते आणि घामेजलेली असते, मटक्यासारखी.

बर्फ स्क्रू ड्रायव्हरनं टोचून काढू नका. सुरीनंही नाही. एका ठिकाणी सुरीचं टोक कॉइलमध्ये गेलं, आणि ज्या घरी गॅस पूर्ण होता तिथे त्या दिवशी खरंच गॅस संपला.

कधी कधी हवाही ठीक, गॅसही ठीक आणि तरी बर्फ, तर कॉइलच्या क्लिपमधून सेन्सर निसटलेला असतो. मशीनला कॉइल गोठल्याचं कळतच नाही. दोन मिनिटांचं काम आहे.

आउटडोअरची पाठ

आउटडोअरची तोंडाकडची बाजू सगळे बघतात, तिथे पंखा फिरताना दिसतो. हवा शिरते ती मागून आणि बाजूनं, आणि मागची बाजू भिंतीकडे असते म्हणून ती कोणी पाहत नाही. भिंतीपासून फूटभर मोकळी जागा सोडा. कबुतरांसाठी लावलेली जाळी धुळीनं भरली की तीसुद्धा हवा अडवते. डक्टमध्ये एकावर एक चार आउटडोअर बसवले तर खालच्याची गरम हवा वरचा गिळतो, मग वरच्या मजल्यावरचा एसी दुपारी बंद पडणारच.

विदर्भात हे जास्त जाचतं. टनाचा जो आकडा खोक्यावर असतो तो बाहेर ३५ अंश धरून मोजलेला असतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा दीड टनाचा एसी दीड टनाचं काम करत नाही, त्यात कॉइल मळलेली असेल तर बोलायलाच नको. आउटडोअरमधून येणारा वारा गरम हवाच, बाहेरच्यापेक्षा दहाएक अंशांनी जास्त. हात धरवत नाही इतकी भट्टी असेल तर कॉइल तुंबली आहे किंवा पंखा मंद आहे. आणि कॉम्प्रेसर चालू असून वारा कोमटसुद्धा नसेल तर मात्र गॅसची शंका खरी.

पंखा मंद असेल तर आधी कॅपॅसिटर, म्हणजे पंख्याला जोर देणारा वीज साठवणारा डबा, तपासायचा. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या, मशीनमध्ये पंख्याचा कॅपॅसिटर अडीच-तीन मायक्रोफॅरडचा, हातात मावणारा, स्वस्त. तो अशक्त झाला की पंखा रेंगाळतो, दाब चढतो, कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर तुटतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, आणि दहा मिनिटांनी परत सुरू होतो. घरच्यांनी तिथे हात घालायचा नाही. एमसीबी पाडला तरी कॉम्प्रेसरच्या कॅपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. आम्हीसुद्धा आधी तो डिस्चार्ज करतो.

कॉइल धुताना पाणी आतून बाहेर मारायचं, म्हणजे घाण जिथून आली तिथूनच परत जाते. बाहेरून मारलं तर ती आणखी आत ठासली जाते. प्रेशर पंप जवळून आणि तिरका धरला तर ॲल्युमिनियमचे फिन, म्हणजे कॉइलवरचे पातळ पत्रे, आडवे होतात, आणि आडवा फिन म्हणजे बंद खिडकी. ॲसिड वापरणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. कॉइल चकचकीत होते, पण फिन खाल्ले जातात.

गेज लावल्यावर

इथून पुढचं मेकॅनिकचं काम, पण समोर उभं राहून काय बघायचं हे तुम्हाला माहीत असावं.

पहिली हातचलाखी बंद मशीनवर गेज लावण्याची. ३५ अंशांच्या दुपारी बंद एसीत आर-२२ गॅस असेल तर काटा १८० च्या आसपास, आर-४१०ए किंवा आर-३२ असेल तर ३०० च्या आसपास दाखवतो. आत एक किलो असो की पाव किलो, द्रवाचा थोडा अंश उरला असेपर्यंत दाब तोच. घरातल्या सिलिंडरसारखं, संपायच्या आदल्या दिवसापर्यंत शेगडी तशीच पेटते. तेव्हा बंद मशीनवरच्या काट्यावरून गॅस "अर्धा झालाय" असं कोणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि चहा पाजून पाठवा.

चालू मशीनवर, जाड नळीच्या बाजूला, आर-२२ साठी ६० ते ७०, आर-४१०ए साठी ११५ ते १३०, आर-३२ साठी त्याच्या आसपास किंवा थोडा वर. रणरणत्या दुपारी हे आकडे आणखी वर सरकतात. इन्व्हर्टरला ठरलेला आकडा नसतो, त्याला टेस्ट मोडवर टाकूनच वाचायचं. सोबत मशीन किती वीज खेचतंय ते दाखवणारं क्लॅम्प मीटर हवाच. साध्या दीड टनाला सात-आठ अँपिअर लागतात. चारच घेत असेल आणि सक्शनही, म्हणजे जाड नळीतला दाबही, पडलेलं असेल तर गॅस कमी आहे यावर मी सही करीन. कॅपिलरी चोक असली तरीही असंच दिसू शकतं, म्हणून ती शंका मनात ठेवायची.

मग गळती. गॅसबरोबर तेल येतं, त्यामुळे जिथे तेलकट काळपट डाग आणि त्यावर धूळ, तिथे पहिलं बोट. बहुतेकदा फ्लेअर नट, म्हणजे नळी जोडणारा नट. एका नव्या फ्लॅटमध्ये साबणाचा फेस लावून मी दहा मिनिटं नटासमोर उकिडवा बसलो होतो. काही नाही. उठणार तेवढ्यात नटाच्या पाठीमागे मोहरीएवढा एक बुडबुडा आला, वाटाण्याएवढा झाला, फुटला, आणि परत मोहरी. बसवणाऱ्यानं लांब पान्यानं इतका आवळला होता की नटालाच तडा गेला होता. घट्ट म्हणजे पक्कं, हा गैरसमज जाता जात नाही. फ्लेअर नट टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोराइतकाच आवळणाऱ्या पान्यानं, बसवायचा असतो.

नाल्याच्या कडेच्या घरांत प्रकार वेगळा. सांडपाण्यातून निघणारा वायू तांबं खातो, नळी काळी पडते आणि इनडोअर कॉइलला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. एक बुजवलं की महिन्यानं दुसरं. तिथे मी कॉइल बदला म्हणतो, लोकांना राग येतो.

फेसानं सापडलं नाही तर नायट्रोजन भरून ठेवायचा आणि काही तासांनी काटा पाहायचा. नायट्रोजनच, ऑक्सिजन कधीही नाही. तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. गळती असलेल्या मशीनवर पंपडाऊनही (सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून कोंडणं) करायचा नाही, कॉम्प्रेसर हवा ओढून घेतो आणि फुटू शकतो. आर-३२ थोडा का होईना पेट घेणारा आहे, म्हणून खिडक्या उघड्या आणि लायटर खिशात.

गळती बुजवल्यावर व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओलावा पंपानं ओढून काढणं. पंप निदान अर्धा तास चालला पाहिजे आणि मीटरवर ५०० मायक्रॉनच्या (इथे हे दाबाचं माप) खाली जाऊन तिथे थांबला पाहिजे. घाईत गॅस सोडूनच हवा "झटकून" देणारे अजून आहेत. आत राहिलेला ओलावा कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो. मग एसी तासभर थंड करतो, मध्येच थांबतो, बर्फ सुटला की परत करतो, आणि ग्राहक म्हणतो भूत आहे.

शेवटी वजन. आउटडोअरच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. काटा म्हणजे वजनकाटा, गेजचा नव्हे. आर-४१०ए हा दोन गॅसचं मिश्रण आहे, सिलिंडर उलटा करून द्रवच सोडायचा, आणि बराच गळून गेला असेल तर उरलेला काढून पूर्ण नवा भरायचा. आर-३२ एकच गॅस आहे, वरून भर घालता येते. आर-२२ चे नवे एसी बनवायला १ जानेवारी २०२५ पासून देशात बंदी आहे, तेव्हा जुन्या मशीनला मोठी गळती लागली तर खर्चाचा हिशेब करा. काढलेला गॅस हवेत सोडायचा नसतो. एक किलो आर-४१०ए हवा तापवण्याच्या बाबतीत दोन हजार किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे.

वजनाचं महत्त्व मला पटवावं लागतं ते जास्त भरलेल्या मशीनवर. मागच्या मे महिन्यात एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात गेलो. एसी पंधरा मिनिटं चालायचा, मग आउटडोअर गप्प. त्या उन्हाळ्यात दोनदा गॅस भरून झाला होता. मी शिडी लावून आउटडोअरच्या मागे हात घातला तर बोटांना मऊ लागलं. हंगामभर उडालेली रुई कॉइलवर बसून बसून तिची गादी झाली होती. कडेला धरून ओढली तर गोधडीचा थर निघावा तशी अख्खी पट्टी निघाली, आतल्या बाजूनं फिनच्या रेघा उमटलेली. धुतल्यावर पंख्याला श्वास आला, तरी दाब उतरेना. गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून वजन केलं. पट्टीवर ९५० ग्रॅम लिहिलेले, निघाला १ किलो ३१० ग्रॅम. व्हॅक्यूम मारला, मोजून ९५० भरला, संध्याकाळपर्यंत बसून पाहिलं, एकदाही तुटला नाही.

शेठ हिशेबाला बसले. "गॅसचे किती?"

"भरला नाही शेठ, जास्तीचा काढला."

ते दोन मिनिटं विचारात पडले. "मंग काढला त्याचे पैसे वजा करा."